नांगराच्या फाळापासून धातुशोधकापर्यंत: पुरलेल्या वस्तूंच्या शोधाचा इतिहास

जमिनीत पुरलेली वस्तू सापडणे आणि त्या वस्तूपासून इतिहास कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातील अंतर किती मोठे असू शकते हे हातात धरून चालवायच्या धातुशोधक यंत्राने, म्हणजेच मेटल डिटेक्टरने, गेल्या शतकभरात फार ठळकपणे दाखवून दिले आहे. हे यंत्र येण्यापूर्वी अशा वस्तू बहुधा योगायोगानेच हाती लागत: नांगराच्या फाळाला हंडा लागे, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना नाणी निघत, पुराने नदीचा काठ खचला की एखादे भांडे उघडे पडे. योगायोगावर न विसंबता धन हुडकून काढण्याची इच्छा मात्र सर्वत्र होती. महाराष्ट्रात पायाळू माणसाच्या, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीच्या, डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की तिला भूमिगत धन दिसते, त्या धनावर नाग राखण बसलेला असतो, आणि ज्याच्या नशिबी ते नाही त्याच्या हाती मोहरांऐवजी कोळसे येतात, अशा समजुती दीर्घकाळ रूढ होत्या. गुप्तधनाच्या लोभाने होणारी अघोरी कृत्ये थांबवण्याची तरतूद महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावी लागली, यावरून त्या समजुतींची पकड लक्षात येते. पण याच समाजात सराफांच्या पेढ्यांपुढची आणि सोनारांच्या दुकानांतली धूळ गोळा करून, ती पाण्यात धुऊन, तिच्यातील सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरीही होते, आणि त्यांचे काम कोणत्याही सिद्धीवर नव्हे तर चिकाटीवर आणि धातूच्या गुणधर्मांच्या जाणिवेवर चाले. धातुशोधक यंत्राचे नाते पायाळूच्या अंजनापेक्षा झारेकऱ्याच्या पाटीशी अधिक जवळचे आहे.

या यंत्रामागील तत्त्व एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत सिद्ध झाले. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते, या घटनेला विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. दोन वेटोळी अशा रीतीने मांडायची की त्यांचे परिणाम एकमेकांना छेद देऊन शांतता राहावी, आणि धातू जवळ आला की तो तोल बिघडून आवाज उमटावा, ही रचना म्हणजे प्रवर्तन-तराजू होय. लंडनमध्ये डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांनी १८७९ मध्ये अशा तराजूला दूरध्वनीच्या श्रवणयंत्राची जोड दिली आणि खरे नाणे व खोटे नाणे यांतील भेद त्याने केवळ कानाने ओळखता येतो, हे दाखवून दिले. धातूच्या शोधाचा आणि नाण्यांचा संबंध अशा रीतीने आरंभापासूनच जुळलेला होता.

या तत्त्वाचा पहिला गाजलेला उपयोग मात्र खजिन्यासाठी नव्हे, तर एका मरणासन्न माणसासाठी झाला. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये गोळीबार झाला आणि शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना पाचारण करण्यात आले. बेल यांचे यंत्र चाचण्यांमध्ये नीट चालले होते, परंतु रुग्णाच्या अंगावर ते फिरवताना मिळणारे आवाज संदिग्ध होते. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्यांत गोंधळ केला असावा, असे मानले जाते, आणि उपचार करणाऱ्या प्रमुख डॉक्टरांनी शरीराच्या उजव्याच बाजूचा शोध घेऊ दिला असताना गोळी डाव्या बाजूला होती, असे मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले. गारफिल्ड १९ सप्टेंबर रोजी मरण पावले. यंत्र जे ऐकते ते कोठे फिरवले आणि आसपास कोणता धातू होता यावर अवलंबून असते, ही मर्यादा पहिल्याच मोठ्या कसोटीत उघड झाली आणि पुढे प्रत्येक हौशी शोधकाला तिचा अनुभव आला.

यंत्राला हातात धरण्याजोगे रूप येण्यास पुढची पन्नास वर्षे लागली. जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते गेरहार्ड फिशर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ-उपकरणांवर काम करत असताना, परिसरात धातू किंवा खनिज असले की उपकरणाच्या नोंदी चुकतात, हे त्यांच्या लक्षात आले. ज्या चुकीमुळे दिशा बिघडते तीच चूक धातूचा ठावठिकाणा सांगू शकेल, या विचारातून त्यांनी १९३१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धातुशोधक यंत्र तयार केले आणि १९३७ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. त्याचे आरंभीचे ग्राहक भूगर्भशास्त्रज्ञ, खाणमालक आणि जमिनीखालच्या नळवाहिन्या शोधणारे अभियंते होते.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्राचा प्रसार कितीतरी पटींनी वाढवला. स्कॉटलंडमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सैन्यातील अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी १९४१-४२ मध्ये भूसुरुंग शोधणारे, एका माणसाला उचलून चालता येईल असे सुमारे १४ किलो वजनाचे यंत्र रचले आणि त्याचे पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. ऑक्टोबर १९४२ मधील एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली आणि सुरुंग पेरलेल्या वाळवंटातून वाट मोकळी करण्याचा वेग तासाला १०० चौरस मीटरवरून २०० चौरस मीटरवर गेला. अमेरिकी सैन्याने एससीआर-६२५ नावाचे तबकडीच्या आकाराचे शोधक वापरले. युद्ध संपल्यावर सैन्याला नको असलेली ही सामग्री स्वस्तात विकली गेली आणि सुरुंग शोधणारे यंत्र नागरिकांच्या हाती आले.

अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत त्याला तत्काळ उपयोग सापडला. १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धाची रणांगणे, छावण्या आणि खंदक यांनी व्हर्जिनिया, जॉर्जिया, टेनेसी या राज्यांची शेते व जंगले भरलेली होती, आणि तेथे शिशाच्या मिनिए गोळ्या, गरुडाची मुद्रा असलेली पितळी बटणे, कमरपट्ट्यांची बक्कले, तोफगोळ्यांचे तुकडे हातभर खोलीच्या आत विखुरलेले होते. मिनिए गोळी म्हणजे पाठीकडून पोकळ असलेली, बार उडताच फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसणारी शंकूच्या आकाराची गोळी होय, आणि तिच्यामुळे त्या युद्धातील बंदुकांचा पल्ला वाढला. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झालेला हा अवशेषशोधाचा छंद, युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ मध्ये साजरी होत असताना बराच फोफावला. या छंदात प्रत्यक्ष धोकाही होता. अनेक तोफगोळ्यांतील दारू शतकानंतरही जिवंत असे, आणि व्हर्जिनियात २००८ मध्ये असा एक गोळा साफ करताना झालेल्या स्फोटात एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला.

छंदाला सामूहिक स्वरूप आले ते ट्रान्झिस्टरमुळे. निर्वात नळ्या आणि जड बॅटऱ्या जाऊन त्यांच्या जागी लहान भाग आल्याने १९६० च्या दशकात यंत्र हलके व स्वस्त झाले. या काळातील साध्या यंत्रांत दोन आंदोलकांच्या वारंवारितांतील फरक कानाला ऐकू येई आणि धातूजवळ त्या स्वराची पट्टी बदले. ती सोपी होती, पण लोखंडी खिळा आणि चांदीचे नाणे यांत फारसा भेद करू शकत नव्हती. १९७० च्या दशकात अतिनिम्न वारंवारितेच्या यंत्रांनी ही उणीव बरीचशी भरून काढली आणि पुढे त्यांना सूक्ष्मप्रक्रियक व अंकदर्शक पडदा यांची जोड मिळाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गॅरेट एस २५० यासारखे, सव्वा किलोच्या आतबाहेरचे, चार साध्या पेन्सिल-सेलवर चालणारे आणि सुमारे २०० डॉलर किमतीचे नवशिक्यांचे यंत्र बाजारात आले, तेव्हा हे साधन शेतमजूर, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी अशा कोणालाही घेता येण्याजोगे झाले.

अशा प्राथमिक यंत्राचे कार्य समजून घेतल्याशिवाय पुढील वादाचे मर्म कळत नाही. दांड्याच्या टोकाशी असलेल्या चकतीत प्रक्षेपक आणि ग्राहक अशी दोन वेटोळी असतात. एस २५० च्या बाबतीत प्रक्षेपक वेटोळ्यातील बदलता प्रवाह सेकंदाला ६,५०० आवर्तने पूर्ण करतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगावर भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि ग्राहक वेटोळे तोच प्रतिसाद टिपते. चांदी आणि तांबे वीज उत्तम वाहतात म्हणून त्यांचा प्रतिसाद अधिक उशिराने येतो, पातळ वर्ख किंवा लहानशी सोन्याची वस्तू यांचा उशीर कमी असतो, आणि लोखंड स्वतः चुंबकीय असल्याने निराळ्याच रीतीने वागते. हा विलंब मोजून यंत्र वस्तूच्या जातीचा अंदाज वर्तवते आणि वेगवेगळ्या जातींना वेगवेगळे स्वर देते. चकतीच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले की तिचा प्रतिसाद सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो, आणि त्यामुळे साध्या यंत्राला रुपयाएवढे नाणे सर्वसाधारणपणे १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा खोल असले की ऐकू येत नाही. जमिनीतील खनिजेही प्रतिसाद देतात. दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीप्रमाणे जी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असते आणि जिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात, तेथे जमिनीशी तोल साधण्याची स्वतंत्र सोय नसलेले स्वस्त यंत्र सतत किरकिरते आणि त्याची खोली आणखी घटते.

या यंत्रातील सर्वांत अर्थपूर्ण कळ म्हणजे निवडीची कळ. तिच्या साहाय्याने लोखंडाचे आवाज बंद करता येतात, म्हणजे खिळे, पत्रे, तारा यांच्यामागे वेळ न घालवता शोधक थेट नाण्यांपर्यंत पोहोचू शकतो. हौशी माणसाच्या दृष्टीने ही सोय मोठी असली तरी पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने तिचा अर्थ गंभीर आहे, कारण घोड्यांचे नाल, बाणांची पाती, घराच्या तुळयांचे खिळे, बैलगाडीच्या धावा, तोफगोळ्यांच्या चिपा, म्हणजे वस्ती आणि युद्ध यांचा बहुतांश भौतिक पुरावा लोखंडाचाच असतो. जे ऐकायचे नाही असे आधीच ठरवले गेले ते नोंदीत कधीच येत नाही. शिवाय सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे पडद्यावर पुष्कळदा सारखेच दिसतात, म्हणून अंतिम निर्णय यंत्र देत नाही, खणणारा हात देतो.

खणणाऱ्या हाताविषयीचा वाद इंग्लंडमध्ये सर्वाधिक तीव्रतेने झाला. तेथील जुन्या रूढ कायद्यानुसार परत काढून घेण्याच्या हेतूने लपवलेले सोने किंवा चांदी, ज्याचा मालक अज्ञात आहे, ते निखात निधी ठरून राजसत्तेकडे जाई. निर्णय कॉरोनरच्या चौकशीत होई आणि हेतू सिद्ध करावा लागे. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, आणि हे पद मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अस्तित्वात होते. सहज हरवलेली किंवा मृतासोबत पुरलेली वस्तू, तसेच ब्राँझ, शिसे, मृण्मय भांडी हे सारे या व्याख्येच्या बाहेर राही. १९७० च्या दशकात यंत्रधारी शोधकांची संख्या झपाट्याने वाढली तेव्हा सरकारने १९७९ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय धातुशोधक वापरण्यास मनाई केली, तर पुरातत्त्वज्ञांच्या आघाडीने १९८० मध्ये ‘आमचा भूतकाळ नेणे थांबवा’ अशा अर्थाची मोहीम उघडली. शोधकांनी १९८१ मध्ये आपली राष्ट्रीय परिषद स्थापून त्याला उत्तर दिले. एका बाजूचे म्हणणे असे की वस्तू तिच्या थरातून उपटली गेली की पुरावा कायमचा नष्ट होतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नांगरटीच्या थरातील वस्तूंचा मूळ थर औताने आधीच मोडलेला असतो, फाळाने आणि रासायनिक खतांनी त्या दरवर्षी झिजत असतात, आणि कोणी त्या काढल्या नाहीत तर त्या तशाच नाहीशा होतील.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि नॉरफोक परगण्यातील पुरातत्त्व विभागाने ते सर्वांआधी ओळखले. टोनी ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच शोधकांच्या मंडळांमध्ये जाऊन, त्यांच्या वस्तू ओळखून देऊन, बदल्यात त्या कोठे सापडल्या याची नोंद मिळवण्यास आरंभ केला. याच्या अगदी उलट चित्र सरे परगण्यातील वॉनबरो येथे दिसले. तेथील एका रोमन मंदिराच्या जागेवर १९८३ ते १९८५ या काळात रात्रीच्या अंधारात धाडी पडल्या, हजारो प्राचीन नाणी बाजारात गेली, आणि लपवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट असलेल्या जुन्या कायद्यापुढे खटले लंगडे पडले. या प्रकरणाने कायदा बदलण्याच्या मागणीला जोर आला. १९९६ मध्ये निधीविषयक नवा कायदा संमत झाला आणि सप्टेंबर १९९७ पासून तो अमलात आला. त्यानुसार ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू, तसेच एकत्र सापडलेली जुनी नाणी, १४ दिवसांत कॉरोनरला कळवणे बंधनकारक झाले, आणि एखाद्या संग्रहालयाने ती घेतल्यास बाजारमूल्याइतके बक्षीस शोधक व जमीनमालक यांच्यात सहसा निम्मेनिम्मे वाटले जाऊ लागले. कायद्याच्या कक्षेबाहेरच्या साध्या वस्तूंसाठी १९९७ मध्येच स्वेच्छेने नोंदणी करण्याची योजना प्रायोगिक रूपात सुरू झाली आणि २००३ पासून ती संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये लागू झाली. परगण्यांमध्ये नेमलेले संपर्क-अधिकारी शेतातून आलेली बटणे, बक्कले, सूतकताईच्या चात्या आणि झिजलेली नाणी तपासून स्थानासह नोंदवतात, आणि या नोंदींची संख्या १० लाखांच्या पुढे केव्हाच गेली आहे.

खणणे थांबवून वेळीच कळवण्याचे मोल दोन शोधांवरून पारखता येते, आणि त्यांतला पहिला तर नव्या कायद्याच्याही आधीचा आहे. सफोक परगण्यातील हॉक्सन येथे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एक निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत असताना त्यांना रोमन सोन्याचांदीचा साठा लागला. काही वस्तू वर काढल्यावर त्यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले, आणि त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५ हजार नाणी, दागिने आणि चांदीची भोजनपात्रे एका लाकडी पेटीत कशी रचून ठेवली होती हे उलगडता आले. ब्रिटनमधील रोमन सत्तेच्या अखेरच्या काळातील, इसवी सन ४०७ नंतर कधीतरी पुरलेल्या, या साठ्यासाठी १७ लाख ५० हजार पौंडांचे बक्षीस देण्यात आले. दुसरा शोध सॉमरसेट परगण्यातील फ्रोमजवळचा आहे. एप्रिल २०१० मध्ये शोधकाला नाण्यांनी भरलेल्या रांजणाचे तोंड लागले तेव्हा त्याने तो उपसला नाही, आणि तज्ज्ञांनी त्यातील ५२,५०३ नाणी थराथराने बाहेर काढली. त्यांत सर्वांत उशिराच्या राजाची, करॉसिअसची, बहुतेक नाणी रांजणाच्या खालच्या अर्ध्या भागात निघाली, यावरून नाणी वर्षानुवर्षे साठवत गेलेली नसून एकाच वेळी ओतलेली होती हे स्पष्ट झाले, आणि हा साठा बचत नसून देवतेला केलेले अर्पण असावे, असा तर्क पुढे आला. रांजण एका रात्रीत रिकामा केला असता तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण हा प्रश्नच कोणाला पडला नसता.

कायदा असूनही उलट वर्तनाची उदाहरणे थांबली नाहीत. हर्फर्डशरमधील लेमिन्स्टरजवळ २०१५ मध्ये दोघा शोधकांना नवव्या शतकातील सुमारे ३०० नाण्यांचा व दागिन्यांचा साठा सापडला. त्यांनी तो न कळवता विकण्यास काढला, आणि २०१९ मध्ये त्यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. वेसेक्सचा राजा अल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांच्यातील, पुढच्या इतिवृत्तांनी झाकोळून टाकलेल्या, मैत्रीवर प्रकाश टाकणारी नाणी या साठ्यात होती, परंतु त्यांतील थोडीच परत मिळाली. इतर देशांनी वेगवेगळे मार्ग स्वीकारले. डेन्मार्कने शोधक आणि संग्रहालये यांच्या सहकार्यावर भर दिला, आयर्लंडने १९८७ मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये परवानगीविना यंत्र वापरण्यावर कडक निर्बंध घातले. अमेरिकेत खासगी जमिनीवरील वस्तू जमीनमालकाची मानली जाते, तर संघराज्याच्या मालकीच्या भूमीवर १९७९ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुन्या अवशेषांच्या विनापरवाना उत्खननास शिक्षा ठेवली आहे.

तरीही या यंत्राने पुरातत्त्वविद्येला रणांगणांच्या अभ्यासाची जी नवी शाखा दिली ती अमेरिकेतच सिद्ध झाली. माँटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न येथे २५ जून १८७६ रोजी अमेरिकी सैन्याधिकारी जॉर्ज कस्टरची तुकडी लकोटा व शायेन योद्ध्यांकडून नष्ट झाली होती, आणि त्याच्या गटातील कोणीही सैनिक वाचला नसल्याने लढाईची हकीकत शतकभर दंतकथेत अडकली होती. ऑगस्ट १९८३ मध्ये गवताला लागलेल्या आगीने रणांगण उघडे पडले, आणि पुढील दोन वर्षांत डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी हौशी शोधकांना स्वयंसेवक म्हणून बोलावले. यंत्रधारी माणसे ठरावीक अंतर ठेवून रांगेने चालत, आवाज येईल तेथे झेंडी रोवत, आणि प्रत्येक गोळीचे व काडतुसाचे स्थान मोजल्यानंतरच ती उचलली जाई. बंदुकीचा घोडा काडतुसाच्या बुडावर जी खूण उमटवतो ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असल्याने एकाच बंदुकीची काडतुसे कोठून कोठे पसरली आहेत हे जुळवता आले, आणि एकेका लढवय्याची चाल शंभर वर्षांनी नकाशावर आखता आली. योद्ध्यांकडे हेन्री व विंचेस्टर जातीच्या, पुन्हा पुन्हा न भरता अनेक बार काढणाऱ्या बंदुका मोठ्या संख्येने होत्या हे सिद्ध झाले, आणि मूळ रहिवाशांच्या ज्या साक्षी पूर्वी दुर्लक्षित राहिल्या होत्या त्यांना पुराव्याचे बळ मिळाले. जर्मनीत काल्क्रीझ येथे १९८७ मध्ये ब्रिटिश सैन्याधिकारी टोनी क्लन यांनी स्थानिक पुरातत्त्व अधिकाऱ्यांच्या संमतीने शोध घेतला. त्यांना ऑगस्टस सम्राटाच्या काळापर्यंतची चांदीची नाणी आणि पुढील वर्षी गोफणीच्या शिशाच्या तीन गोळ्या सापडल्या, आणि इसवी सन ९ मध्ये सेनापती वारुसच्या तीन रोमन पलटणी जेथे कापल्या गेल्या त्या लढाईचे स्थळ हेच, असे मत बहुसंख्य अभ्यासकांनी मान्य केले. या दोन्ही ठिकाणी वापरलेली यंत्रे छंदासाठीच्या यंत्रांहून वेगळी नव्हती. त्यांच्या जोडीला मोजपट्टी, झेंडी आणि नोंदवही होती, एवढाच फरक होता.

महाराष्ट्राच्या इतिहासातही, यंत्राविना झालेल्या दोन शोधांतून, हाच धडा मिळतो. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सव्वातेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपान याच्या या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात ज्या विजयाचा अभिमानाने उल्लेख आहे त्याला या पुनर्मुद्रित नाण्यांनी प्रत्यक्ष दुजोरा दिला, आणि तो देता आला कारण साठा एकत्रितपणे तपासला गेला. एकेक नाणे सोनाराच्या मुशीत गेले असते तर पुनर्मुद्रणाचे प्रमाणही वितळून गेले असते. दुसरा शोध अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दायमाबादचा आहे. १९७४ मध्ये झाडाचे खोड खणून काढणाऱ्या एका शेतकऱ्याला तेथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशी चार भरीव ब्राँझशिल्पे मिळाली, आणि त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरले. नंतर एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे विस्तृत उत्खनन झाले, तरीही ही शिल्पे प्रशिक्षित डोळ्यांसमोर थरातून बाहेर आलेली नसल्याने त्यांचा काळ वादग्रस्त राहिला. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यांच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. भारतीय धातुकलेतील एवढा मोलाचा ठेवा संग्रहालयात सुरक्षित असूनही त्याचा शतकाचा पत्ता निर्विवाद नाही, याचे मूळ कारण तो निघाला त्या दिवशीच्या नोंदीच्या अभावात आहे.

भारतात यंत्राने अवशेष शोधण्याचा छंद ब्रिटनप्रमाणे रुजला नाही, आणि कायद्याची चौकटही त्याला अनुकूल नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने १०० वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर नियंत्रण आणले आहे. या दोहोंहून जुना असा १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि शेतात अवचित सापडलेल्या हंड्याला तोच प्रथम लागू होतो. जमिनीत लपलेल्या, १० रुपयांहून अधिक मूल्याच्या कोणत्याही वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणे त्याने सापडणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. मूळ मालक पुढे आला नाही, निधी बेवारस ठरला आणि वाटणीबाबत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला व उरलेला जमीनमालकाला मिळण्याची तरतूद त्यात आहे. निधी सरकारने संपादन करायचा ठरवल्यास त्याच्या मूल्यावर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. ज्या काळी ह्यूज यांचा तराजूही जाहीर झाला नव्हता त्या काळी केलेल्या या कायद्याला धातुशोधक यंत्राची कल्पना असणे शक्य नव्हते, आणि त्याची भाषाही पुरातत्त्वाची नसून महसुलाची आहे. तरीही सापडणाऱ्याने द्यायच्या लेखी वर्दीत त्याने तीन गोष्टी मागितल्या आहेत: निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, तो सापडल्याचे ठिकाण, आणि सापडल्याची तारीख.